रेस्पिरेटर घालूनही वास किंवा धूळ आत येते तेव्हा: गळती शोधण्याचा क्रम

मास्क तोंडावर घट्ट बसलेला असतो, कार्ट्रिज (हवा गाळणारा, मास्कला लावायचा बदलता डबा) नुकतेच बदललेले असते, तरीही थिनरचा वास नाकात येतो. किंवा कामाची पाळी संपल्यावर मास्क काढला की नाकपुड्यांभोवती राखाडी धुळीचा थर दिसतो. रेस्पिरेटरची देखभाल करणाऱ्याकडे सर्वांत जास्त वेळा येणारी तक्रार हीच असते, आणि तक्रार घेऊन येणारा बहुतेक वेळा नवे कार्ट्रिज मागतो. माझा अनुभव असा आहे की दोष कार्ट्रिजमध्ये क्वचितच सापडतो. तो बहुधा मास्कच्या कडेत, झडपेत किंवा रबरी वॉशरमध्ये असतो आणि तेथेच राहतो. म्हणून नवे कार्ट्रिज लावल्यावरही काही दिवसांत तीच तक्रार परत येते. पुढील तपासण्या त्या क्रमाने दिल्या आहेत ज्या क्रमाने त्या केल्यास खर्च आणि वेळ कमीत कमी लागतो.

हे लेखन रबर किंवा सिलिकॉनच्या पुन्हा वापरता येणाऱ्या हाफ मास्क (नाक-तोंड झाकणारा) आणि फुल फेस (डोळ्यांसह पूर्ण चेहरा झाकणारा) रेस्पिरेटरबद्दल आहे. एकदाच वापरायच्या मास्कचा उल्लेख गरज पडेल तेथे केला आहे. सिलिंडर किंवा नळीतून हवा पुरवणाऱ्या संचांची दुरुस्ती हा प्रशिक्षित तंत्रज्ञाचाच विषय आहे आणि तो येथे घेतलेला नाही.

एक गोष्ट सर्वांत आधी. वास आला, घशाला झोंबले किंवा तोंडात विचित्र चव जाणवली, तर प्रथम त्या जागेतून बाहेर पडावे आणि स्वच्छ हवेत पोहोचल्यावरच मास्क काढावा. दूषित हवेत उभे राहून पट्टे ओढत बसणे किंवा "बघू या" म्हणून मास्क क्षणभर उचलणे धोक्याचे आहे. खालील प्रत्येक तपासणी स्वच्छ हवेतच करायची आहे.

लक्षणे आणि ती काय सुचवतात

वास नेमका कधी येतो, हे विचारल्याशिवाय मास्कला हात लावू नये, कारण निम्मे निदान त्या उत्तरात असते.

- काम सुरू करताच वास येत असेल, तर कड, झडप किंवा चुकीच्या प्रकारचे कार्ट्रिज यांपैकी काहीतरी कारण असते.
- सुरुवातीला सर्व ठीक आणि काही वेळाने वास, असे असेल तर कार्ट्रिज संपत आले आहे किंवा घामाने मास्क खाली सरकला आहे.
- वास केवळ वाकताना, बोलताना किंवा मान वळवताना येत असेल, तर मास्कचे माप त्या चेहऱ्याला जुळत नाही अशी शंका घ्यावी.
- चष्म्यावर सतत वाफ धरत असेल, तर उच्छ्वासाची हवा नाकाच्या हाडाजवळून बाहेर पडते आहे, आणि ज्या वाटेने ती बाहेर पडते त्याच वाटेने दूषित हवा आत येऊ शकते.
- श्वास घेणे हळूहळू जड होत असेल, तर धुळीचे फिल्टर भरले आहे. ही गळती नव्हे. मात्र जड झालेला श्वास मध्येच, काहीही न बदलता, हलका झाला तर सावध व्हावे. हवेला फिल्टर टाळून आत येण्याची दुसरी वाट मिळाली आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

धुळीच्या कामात मास्क काढल्यावर तो लगेच पुसू नये. आधी चेहरा आणि मास्कची आतली बाजू उजेडात पाहावी. गळतीच्या जागी धूळ पंख्यासारखी पसरलेली रेघ काढते. ती रेघ नाकाच्या बाजूला आहे, हनुवटीखाली आहे की उच्छ्वासाच्या झडपेच्या तोंडाशी आहे, यावरून पुढची तपासणी थेट त्या जागेपासून सुरू करता येते.

डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, छातीत जडपणा किंवा धाप लागणे ही लक्षणे मात्र या यादीत येत नाहीत. ती दिसली तर मास्कची नव्हे, माणसाची तपासणी तातडीने व्हायला हवी.

पहिली तपासणी: चेहरा

याला एक पैसाही लागत नाही, आणि तरीही हीच तपासणी सर्वांत जास्त टाळली जाते, कारण ती माणसाला अवघड वाटते. मास्कची कड जेथे त्वचेवर टेकते त्या पट्ट्यात दाढीचे खुंट नसावेत. माणसाच्या केसाची जाडी साधारणपणे ७० मायक्रॉनच्या आसपास असते. एन९५ फिल्टरची चाचणी ज्या कणांवर घेतली जाते ते कण सुमारे ०.३ मायक्रॉनचे असतात. खुंटांनी कड उचलून धरली की उरणारी फट अशा कणांसाठी प्रशस्त रस्ता असतो, मग फिल्टर कितीही उत्तम असो. म्हणून दाढी रोज, कामावर येण्यापूर्वी करावी. कालची दाढी आजच्या सीलसाठी, म्हणजे कड त्वचेवर हवाबंद बसण्यासाठी, पुरेशी नसते. कडेच्या आत पूर्ण मावणारी बारीक मिशी चालते, पण ती झडपेच्या आड येता कामा नये. धार्मिक किंवा वैद्यकीय कारणाने दाढी ठेवणाऱ्या व्यक्तीला घट्ट बसणारा मास्क देण्यात अर्थ नसतो. तिच्यासाठी पंख्याने हवा पुरवणारा सैल हूड हा योग्य पर्याय आहे, आणि तो मागताना तिला संकोच वाटू नये ही जबाबदारी व्यवस्थापनाची आहे.

त्यानंतर कपाळावरून खाली आलेले केस, टोपीची कड, तेल किंवा क्रीम लावलेली त्वचा पाहावी. मास्क टोचतो म्हणून किंवा घाम टिपण्यासाठी कडेखाली रुमाल किंवा कापडाची पट्टी ठेवण्याची सवय अनेकांना असते. ती मोडावीच लागते, कारण कापडाच्या विणीतून हवा सहज आत येते. फुल फेस मास्कमध्ये चष्म्याच्या काड्या कडेखालून गेल्या तर दोन्ही कानशिलांजवळ सील तुटते. त्यासाठी मास्कच्या आत बसणारी चष्म्याची वेगळी चौकट उत्पादक देतात, तीच वापरावी.

दुसरी तपासणी: पट्टे

गळती वाटली की माणूस पट्टे आवळतो, आणि बऱ्याचदा त्यानेच गळती वाढते. रबराची कड गालावर अलगद पसरायला हवी. जास्त ताण दिला की ती दुमडते आणि नाकाच्या दोन्ही बाजूंना बारीक फटी तयार होतात. पट्टे पूर्ण सैल करून, हनुवटी आधी मास्कमध्ये बसवून, वरचा पट्टा डोक्याच्या माथ्यावर आणि खालचा मानेवर घ्यावा, मग दोन्ही बाजू एकाच वेळी सारख्या ओढाव्यात. एका बाजूचा ताण जास्त झाला तर मास्क तिरका बसतो. पट्टा ताणून सोडल्यावर मूळ लांबीवर येत नसेल, तर त्याला गाठ मारून काम भागवू नये; तो बदलावा.

एकदाच वापरायच्या मास्कमध्ये दोन्ही पट्टे वापरावेत आणि ते मागे एकमेकांवरून ओलांडू नयेत. नाकावरची धातूची पट्टी एका हाताच्या चिमटीने दाबली तर मध्ये टोक उभे राहते. दोन्ही हातांच्या बोटांनी मधून कडेकडे दाबत न्यावी.

तिसरी तपासणी: हातांनी सील पाहणे

ही तपासणी मास्क प्रत्येक वेळी घातल्यावर करायची असते आणि तिला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागत नाही. तिचे दोन भाग आहेत, आणि दोन्ही भागांचे निकाल शेजारी ठेवून पाहिले तर दोष कोठे आहे याचा बराच अंदाज येतो. म्हणून या तपासणीवर मी सर्वांत जास्त भर देतो.

पहिला भाग श्वास आत घेण्याचा. दोन्ही कार्ट्रिजची तोंडे तळहातांनी झाकावीत, हळू श्वास आत घ्यावा आणि सुमारे १० सेकंद रोखावा. मास्क किंचित आत ओढला जाऊन तसाच राहिला पाहिजे. तळहात जोराने दाबू नयेत, कारण त्या दाबाने मास्कच चेहऱ्यावर दाबला जातो आणि खरी गळती लपते. दुसरा भाग श्वास सोडण्याचा. उच्छ्वासाच्या झडपेचे झाकण तळहाताने बंद करून हळूच श्वास सोडावा. मास्क थोडा फुगला पाहिजे आणि कडेतून कोठेही हवा सुटल्याचे जाणवता कामा नये.

आता निकाल वाचावेत. दोन्ही भागांत गळती जाणवली, तर दोष बहुधा कडेत आहे. पुन्हा चेहरा, पट्टे आणि माप यांकडे जावे. श्वास सोडताना मास्क नीट फुगतो पण आत घेताना टिकत नाही, असे असेल तर कड ठीक असून उच्छ्वासाची झडप किंवा कार्ट्रिजचा वॉशर गळत असण्याची शक्यता मोठी असते. याउलट, आत घेताना मास्क टिकतो पण सोडताना फुगत नाही, तर आत हवा घेणारी झडप नीट मिटत नसावी आणि सोडलेली हवा कार्ट्रिजमधून मागे जात असावी. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. पण कोणता भाग आधी उघडायचा हे त्यावरून ठरते.

चौथी तपासणी: झडपा

पुन्हापुन्हा येणाऱ्या तक्रारीचे मूळ मला सर्वाधिक वेळा उच्छ्वासाच्या झडपेत सापडले आहे. मास्कच्या पुढच्या बाजूला, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली, रबराची एक पातळ चकती असते. श्वास सोडताना ती उघडते आणि आत घेताना आपल्या बैठकीवर घट्ट मिटते. श्वासातली वाफ आणि बाहेरची धूळ या चकतीच्या कडेवर एकत्र येऊन चिखलासारखा थर धरतात. रंगकामात वाळलेल्या रंगाचा कण, कापसाचा तंतू किंवा एखादा केस तिच्याखाली अडकतो. चकती केसाएवढी उचललेली राहिली तरी प्रत्येक श्वासाबरोबर दूषित हवा कार्ट्रिजला वळसा घालून थेट आत येते. नव्या कार्ट्रिजने ही तक्रार जात नाही ती यामुळेच. उलट, धुळीचे फिल्टर भरत जाऊन त्यातून हवा ओढणे जड झाले की या फटीतून येणारा वाटा वाढतो.

झाकण काढून चकती डोळ्यांच्या पातळीवर धरावी आणि कडेने तिरप्या उजेडात पाहावी. ती सगळीकडे सपाट टेकलेली हवी. घाण असेल तर ओल्या स्वच्छ कापडाने चकती आणि बैठक दोन्ही पुसावी. नखाने किंवा सुरीने खरवडू नये, कारण बैठकीवर पडलेला ओरखडा कायमची गळती होऊन बसतो. चकतीची कड वळली असेल, ती कडक झाली असेल किंवा तिला चीर असेल, तर त्याच उत्पादकाची, त्याच मॉडेलची नवी चकती बसवावी. चकती उलटी करून लावणे, डिंक लावणे, दुसऱ्या मास्कची चकती कापून बसवणे हे उपाय मी पाहिले आहेत आणि ते कोणीही करू नयेत. आत हवा घेणाऱ्या झडपा कार्ट्रिजच्या मागे असतात. त्या जागेवर आहेत ना, हेही पाहावे, कारण धुताना त्या निखळून पाण्याबरोबर वाहून जातात आणि कोणाच्या लक्षात येत नाही.

पाचवी तपासणी: वॉशर आणि जोड

कार्ट्रिज काढून जोडाच्या जागी रबरी वॉशर आहे का, तो चपटा झाला आहे का, त्यावर धूळ आहे का, हे पाहावे. जुना वॉशर चिकटून राहून त्यावर दुसरा चढलेला असेल, तर कार्ट्रिज वाकडे बसते. आट्यांचे कार्ट्रिज पहिल्या फेऱ्यात अडखळले तर जोर न लावता उलटे फिरवून पुन्हा सुरुवात करावी. एका उत्पादकाच्या मास्कला दुसऱ्याचे कार्ट्रिज बसते असे दिसले, तरी ते वापरू नये; मास्क आणि कार्ट्रिज यांना मान्यता एकत्र संच म्हणून दिलेली असते.

सहावी तपासणी: कार्ट्रिज त्या धोक्यासाठीच आहे का

येथवर दोष सापडला नसेल, तर आता कार्ट्रिजकडे वळावे. धुळीचे फिल्टर बाष्प अडवत नाही. पी१०० फिल्टर ९९.९७ टक्के कण अडवते, पण थिनरचे बाष्प त्यातून आरपार जाते. तसेच, एकट्या सेंद्रिय बाष्पाच्या कार्ट्रिजवर रंगाच्या तुषारांसाठी पूर्वफिल्टर (बाहेरून बसणारे कणांचे फिल्टर) लावावे लागते. अमेरिकेच्या नायोश संस्थेच्या वर्गीकरणात एन मालिका तेलकट तुषारांसाठी चालत नाही, आर मर्यादित काळ चालते आणि पी तेलाला टिकते.

रंगांबाबत विशेष काळजी घ्यावी, कारण जगात दोन पद्धती आहेत आणि त्या जुळत नाहीत. अमेरिकी पद्धतीत काळा पट्टा सेंद्रिय बाष्पासाठी, पांढरा आम्ल वायूंसाठी, पिवळा या दोन्हींसाठी आणि किरमिजी पी१०० साठी असतो. युरोपीय पद्धतीत सेंद्रिय बाष्पासाठी तपकिरी, क्लोरीनसारख्या असेंद्रिय वायूंसाठी करडा, सल्फर डायऑक्साइडसारख्या आम्ल वायूंसाठी पिवळा आणि कणांसाठी पांढरा पट्टा असतो. अमोनियाचा हिरवा तेवढा दोन्हीकडे सारखा आहे. म्हणजे एका पद्धतीची सवय असलेला माणूस दुसऱ्या पद्धतीचे पांढऱ्या पट्ट्याचे फिल्टर आम्लाच्या टाकीजवळ घेऊन गेला, तर त्याला त्या वायूपासून काहीही संरक्षण नसते. एकाच भांडारात दोन्ही पद्धतींचा माल ठेवू नये, आणि रंगापेक्षा वेष्टनावरील मजकूर व रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक यांवर विश्वास ठेवावा.

सातवी तपासणी: कार्ट्रिजचे आयुष्य

धुळीचे फिल्टर भरले की श्वास जड होतो, म्हणजे ते स्वतःहून सांगते. बाष्पाचे कार्ट्रिज काहीच सांगत नाही. त्यातला कोळसा संपला तरी श्वास तितकाच हलका राहतो, आणि वास हा इशारा म्हणून भरवशाचा नाही. काही रंगांत असणाऱ्या आयसोसायनेटसारख्या पदार्थांचा वास येईपर्यंत घातक मर्यादा ओलांडलेली असते, तर हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात असेल तर काही मिनिटांत वास घेण्याची शक्तीच बधिर करते. म्हणून कार्ट्रिज बदलण्याचे वेळापत्रक आधी ठरलेले असावे आणि प्रत्येक कार्ट्रिजवर ते उघडल्याची तारीख व वेळ लिहिलेली असावी.

अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा यंत्रणेने दिलेले काही ढोबळ नियम उपयोगी पडतात. रसायनाचा उत्कलनबिंदू ७० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त आणि हवेतील प्रमाण २०० पीपीएमपेक्षा (हवेच्या दहा लाख भागांत २०० भाग) कमी असेल, तर नेहमीच्या श्रमाला सेंद्रिय बाष्पाचे कार्ट्रिज सुमारे ८ तास टिकते, आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांवर गेली तर आयुष्य निम्म्यावर येते. श्रम जास्त, श्वास जास्त, आयुष्य कमी, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय, कमी उत्कलनबिंदूची बाष्पे कार्ट्रिज रात्रभर नुसते पडून असतानाही कोळशातून पुढे सरकतात आणि सकाळच्या पहिल्या श्वासाबरोबर बाहेर येतात. सकाळी मास्क घालताच, कामाच्या जागी जाण्याआधीच वास येत असेल, तर कारण बहुधा हेच असते. ते कार्ट्रिज टाकून द्यावे.

आठवी तपासणी: माप आणि फिट टेस्ट

एवढे सगळे करूनही गळती राहिली, तर तो मास्क त्या चेहऱ्याचा नाही. हातांनी केलेली सील तपासणी फिट टेस्टची, म्हणजे मास्क त्या चेहऱ्याला जुळतो का हे पाहणाऱ्या चाचणीची, जागा घेऊ शकत नाही. सॅकरिनसारख्या गोड किंवा बिट्रेक्ससारख्या कडू द्रावणाचे तुषार हूडमध्ये सोडून, माणसाला मान हलवायला, वाकायला, बोलायला लावून चव लागते का, हे पाहिले जाते. यंत्राने आतल्या-बाहेरच्या कणांची तुलना करण्याची पद्धतही आहे. ओशाच्या नियमानुसार ही चाचणी वर्षातून किमान एकदा आणि मास्कचे मॉडेल किंवा माप बदलल्यावर व्हावी लागते. वजनात ठळक फरक, दात काढणे किंवा कवळी बसवणे, चेहऱ्यावरची शस्त्रक्रिया यांनंतरही ती पुन्हा करावी. वर्षभर नीट चाललेला मास्क अचानक गळू लागला, तर त्या माणसाला दातांबद्दल विचारून पाहावे.

दोष परत येऊ नये म्हणून

झडपा बिघडतात त्या बहुधा धुण्यात आणि ठेवण्यात. धुण्यापूर्वी कार्ट्रिज आणि फिल्टर काढावेत, कारण ते भिजले की निकामी होतात. पाणी कोमट, ४३ अंश सेल्सिअसपेक्षा कमी, साबण सौम्य आणि ब्रश मऊ असावा. थिनर, पेट्रोल किंवा स्पिरिट लावल्यास रबर कडक होते. साबण आणि जंतुनाशक पूर्ण खळाळून काढावे. त्याचा अंश राहिला तर त्वचेला चट्टे येतात आणि चकती बैठकीला चिकटते. सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. ठेवताना पट्ट्यांवर खिळ्याला टांगू नये आणि अवजारांच्या पेटीत कशाखाली दाबून ठेवू नये, कारण दाबलेली कड तोच आकार धरते. मास्क स्वच्छ झाकणाच्या डब्यात आणि कार्ट्रिज वेगळ्या हवाबंद पिशवीत ठेवावे. उघड्यावर राहिलेले कार्ट्रिज कोणी वापरत नसतानाही हवेतील बाष्प आणि ओल शोषत राहते.

कोठे थांबावे

मास्कची काच तडकली असेल, मुख्य रबरी भागाला चीर असेल, झडपेची बैठक खराब झाली असेल किंवा मूळ सुटा भाग मिळत नसेल, तर दुरुस्ती थांबवून मास्क बाद करावा आणि तो पुन्हा कोणाच्या हाती पडू नये म्हणून त्याचे पट्टे कापून टाकावेत. एकाच विभागातून अनेकांची एकाच वेळी तक्रार आली, तर मास्क तपासत बसू नये; हवेतील प्रमाण वाढले असण्याची किंवा हवा खेचणारी यंत्रणा बंद पडली असण्याची शक्यता आहे, आणि काम थांबवून औद्योगिक आरोग्य तज्ज्ञाकडून हवेचे मोजमाप करून घ्यावे. ओशाच्या मोजणीत हाफ मास्क अनुज्ञेय मर्यादेच्या १० पटींपर्यंत आणि फिट टेस्ट यंत्राने झालेला फुल फेस ५० पटींपर्यंतच पुरेसा धरला जातो. त्यापुढे निर्दोष मास्कही अपुरा ठरतो.

टाकी, विहीर, गटार, सायलो (धान्य किंवा सिमेंटची उंच बंद कोठी) अशा बंदिस्त जागेत कार्ट्रिजचा मास्क वापरण्याचा विचारच करू नये, जोवर तेथील हवा यंत्राने मोजून सुरक्षित ठरलेली नाही. तेथे प्राणवायू १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असू शकतो आणि कार्ट्रिज प्राणवायू तयार करत नाही. इंजिनाच्या धुराजवळही हीच सावधगिरी हवी, कारण कार्बन मोनॉक्साइडला सेंद्रिय बाष्पाचे कार्ट्रिज अडवत नाही आणि त्याला वासही नाही. अशा जागी हवा पुरवणारा संच आणि तो चालवण्याचे प्रशिक्षण घेतलेली माणसेच लागतात. कोणी आत कोसळलेला दिसला तरी साधा मास्क लावून त्याच्या मागे उतरू नये. बचाव पथकाला बोलवावे.

ज्याला मास्क घातल्यावर धाप लागते, ज्याला दमा किंवा हृदयविकार आहे, किंवा कामानंतर ज्याचा खोकला थांबत नाही, त्याला डॉक्टरांकडे पाठवावे आणि त्यांचे मत येईपर्यंत त्या कामावर ठेवू नये. तज्ज्ञाला किंवा डॉक्टरांना बोलावताना मास्कचे मॉडेल व माप, कार्ट्रिजचा प्रकार आणि ते उघडल्याची तारीख, वापरात असलेल्या रसायनाचे माहितीपत्रक, वास किंवा धूळ केव्हा जाणवली याची नोंद आणि गळणारा मास्क न धुता, पिशवीत बंद करून, हे सगळे त्यांच्यासमोर ठेवावे.